गाळलेलं अक्षर

सर : अहो, तो डीएनएचा तुकडा आपण गेल्याच वर्षी वाचून पाठवलाय! यीस्टचं अख्खं गुणसूत्र दहा प्रयोगशाळांनी वाटून घेतलंय. आपला वाटा सोमवारी पुरा द्यायचा, आणि तुम्ही आज मागे निघालात?

ताई : जावंच लागेल, सर. ही जुनी फिल्म बघा. इथे ‘जी’ हे अक्षर लागोपाठ पाचदा दिसतं, पाच पट्टे, म्हणून मी पाचच लिहिले. आता वाटतंय, सहा असावेत. दोन पट्टे एकमेकांना चिकटलेत.

सर : तीन लाखांवर अक्षरं, त्यातला एक जी. त्यानं काय आभाळ कोसळणार आहे?

ताई : अक्षरं तिनातिनांनी वाचली जातात. एक गळलं की पुढचं सगळं सरकतं. इथे एक जनुक संपलं आणि पुढे दुसरं सुरू झालं, असं मी नोंदवलं. सहावा जी निघाला, तर ती दोन नाहीत. एकच लांबलचक जनुक आहे.

सर : म्हणजे यादीतून एक कमी. तेही मी भर सभेत छातीठोकपणे आकडा सांगून आल्यावर! कशाला उकरून काढताय?

ताई : हे पत्र आलंय. दुसऱ्या प्रयोगशाळेतली एक विद्यार्थिनी आहे. तिनं आपलं ते दुसरं जनुक काढून टाकलं, तर यीस्ट मेलं. तेच परत घातलं, तरी जगेना. आठ महिने पोरगी तेच करतेय. तिचे गाईड म्हणतात, तुझ्या हाताला सफाई नाही.

सर : नसेलही.

ताई : किंवा मी तिला अर्धंच जनुक दिलं असेल.

सर : त्या तुकड्याखाली सही तुमची आहे, माहितीये ना?

ताई : म्हणून तर मीच बघते.

सर : सोमवार हलणार नाही हं.

ताई : आज बुधवारच आहे, सर.

सर : करा काय करायचं ते.

ताई : मामा, डीएनएचे पट्टे पाडायला एक जेल ओतून द्याल?

मामा : एक कशाला, दोन ओततो. एखादं फाटलं की तोंड पाडून बसाल. सोमवारचं काम का, ताई?

ताई : नाही हो. माझी जुनी चूक शोधायचीय.

मामा : अरे वा! वीस वर्षं या काचांमध्ये जेल ओततोय, चुकीसाठी कुणी मागितलं नव्हतं.

ताई : या वेळी जास्त तापवून चालवू, म्हणजे पट्टे सुटे होतील. आणि उलट्या बाजूनंही वाचू.

(शुक्रवार, दुपार. दिव्याच्या पेटीवर नवी फिल्म.)

ताई : एक फाटलंच शेवटी. हे दुसरं तेवढं शाबूत राहिलं. मामा, तुम्ही मोजा.

मामा : मला काय कळतंय त्यातलं?

ताई : म्हणूनच. माझे डोळे मला हवं तेच बघतील. या रांगेत सलग पट्टे किती?

मामा : एक, दोन, तीन... चार, पाच. आणि हा बारका. सहा.

ताई : आता ही उलटी बाजू. डीएनएच्या या दुसऱ्या धाग्यात जीच्या समोर सी हे अक्षर येतं. मोजा.

मामा : सहा. हे तर चष्म्याशिवायही दिसतंय.

सर : सरका जरा. बघू... हं. सहाच आहेत हो.

ताई : मग ते दुसरं जनुक यादीतून खोडते.

सर : खोडा. सभेला काय सांगायचं ते माझं मी बघतो. त्या मुलीच्या गाईडना रीतसर पत्र टाकू.

ताई : पत्र पोचायला आठवडा जाईल. मी तिलाच फोन लावते.

सर : काय सांगणार?

ताई : झालं ते.

ताई : (फोनवर) हॅलो, तुमचं पत्र मिळालं. तो तुकडा मीच वाचला होता.

विद्यार्थिनी : हो, मॅडम... माझंच काहीतरी चुकतंय. मी परत पहिल्यापासून सुरू केलंय, या वेळी नक्की—

ताई : थांबा. तुमचं काही चुकलेलं नाही. मी एक अक्षर गाळलं होतं. तुमचं जनुक मी लिहिलं त्याच्या बरंच आधी सुरू होतं. तुम्ही बिचाऱ्या त्याचा अर्धाच भाग परत घालत होतात.

विद्यार्थिनी : मॅडम, माझे गाईड इथेच बसलेत. त्यांना फोन देते. एवढंच परत सांगाल?