सेठजींचा मासा हसत नाही

...नाही, तुम्हीच सांगा, मासा हसत नाही ही माझी चूक कशी? सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की सेठजी आधी देवाला अगरबत्ती ओवाळतात, मग माशाच्या काचपेटीला, आणि मग माझ्याकडे वळून, कपाळाला ह्या एवढ्या आठ्या, "अच्युतजी, भिया, ये तो आज भी नी हँस रिया." आता मी रंगखात्यातला माणूस, मला माशातलं काय कळतंय?

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मिलच्या रंगखात्यात काढली मी. लाल म्हणाल तर लाल, जांभळा म्हणाल तर जांभळा. मग एक दिवस गेटला कुलूप लागलं, ते लागलंच. दोन वर्षं घरी बसून होतो. शोभना, म्हणजे आमची मंडळी, लोकांच्या साड्यांना फॉल लावते आणि मला एका शब्दानं बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं... तर तिनंच कुठे सेठाणींच्या साडीला फॉल लावताना सांगितलं, आमच्या ह्यांना पाण्यातलं सगळं कळतं. झालं. इंदूरच्या सियागंज बाजारातनं बोलावणं. हार्डवेअरचं ठोक दुकान, आणि गल्ल्याशेजारी ही पेटी. "सुना है आप पानी के जानकार हो?" मी म्हटलं, हो. खोटं काय बोललो? रंगखात्यात दुसरं असतंच काय? "तो ये मछली सँभालो. मछली है तो आप हो. मछली गई, तो आप भी गए." मतलब माझी नोकरी एका माशाच्या जिवावर!

आणि मासा तरी कसा... लिंबाएवढा गोल, हिरवा, पाठीवर काळे ठिपके, घाबरला की फुगून चेंडू होतो. जिवणी अशी की सदा हसतोयसं वाटावं. सेठजींनी मुंबईहून आणला, विकणाऱ्यानं छातीला हात लावून सांगितलं, जब तक ये हँसेगा, दुकान हँसेगी. पेटीत आधी पाच गोल्डफिश होते, त्यांच्या शेपट्या ह्यानं पहिल्याच आठवड्यात कुरतडल्या, तेव्हा हसत होता म्हणे. मग बसला तळाशी. आणि नेमका तेव्हाच बाहेरचा माल बाजारात यायला लागला, समोरच्या दुकानात चकचकीत नळ लागले, गिऱ्हाईक तिकडे वळलं. सेठजींचं म्हणणं, सगळं ह्याच्या तोंडामुळे.

मग काय, जो येईल तो डॉक्टर. सेठजींचे मामाजी म्हणाले, "नजर लगी है," पेटीवर लिंबू-मिरची टांगली. शेजारचा पेंटवाला म्हणाला, "गैस हुई है, हींग दो." मुनीमजी तर पुढचे, "इंदौर में रहके सेव नी खाएगा तो बीमार नी पड़ेगा?" आणि माझी पाठ वळल्यावर चिमूटभर लौंग सेव आत सोडली की हो त्यांनी! दिवसभर मी पाण्यावरचा तेलाचा तवंग वाटीनं काढतोय. म्हटलं बाबांनो, मी रंगखात्यातला माणूस, मला कळत नाही ते सोडा, पण तुम्हाला तरी काय कळतंय?

माझा इलाज एकच, पाणी. अहो नर्मदेचं पाणी, सत्तर किलोमीटर डोंगर चढून येतं, ते प्यायला की पाहुणा इंदूर सोडत नाही असं आम्ही पाहुण्याला तोंडावर सांगतो. तेव्हा रोज अर्धी पेटी रिकामी करायची आणि नर्मदा भरायची. जितकं मी पाणी बदलतोय तितका हा काळवंडतोय! पोट काळं, शेपूट एका अंगाला मुडपलेली, अंगभर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके. सेठजी वाकून बघतात, मग माझ्याकडे बघतात. माशाकडे बघतात त्यापेक्षा माझ्याकडे जास्त वेळ बघतात.

शेवटी एसटीडी बूथवरनं रत्नागिरीला फोन लावला, वसुधावहिनींना, म्हणजे थोरल्या भावाची बायको, जन्म खाडीकाठी गेलेला. वर्णन केलं. पलीकडून हसू... "अहो भावोजी, केंड तो! आमच्याकडे जाळ्यात आला तर शिव्या घालून फेकून देतात. खाडीतला जीव, त्याला गोड्या पाण्यात ठेवलात? मारताय त्याला, मीठ हवं त्या पाण्यात."

मी बूथच्या स्टुलावर बसूनच राहिलो. महिनाभर मी त्याची इतकी सेवा केली, आणि त्या सेवेनंच तो मरत होता.

पण मीठ! मीठ म्हटल्यावर आपण जागे झालो. अहो, रंग कापडावर चढायला आम्ही पोत्यानं मीठ ओतायचो हौदात, आणि ते किती झालं हे बघायला काचेची नळी असते, पाण्यात तरंगते, अंगावर आकडे. गेट बंद झालं त्या दिवशी ती माझ्या डब्याच्या पिशवीत राहून गेली होती. खडा मीठ आणलं, रोज थोडं थोडं विरघळवलं, एकदम नाही, एकदम केलं तर कापडही बिघडतं. नळी तरंगत तरंगत एक डिग्रीच्या आकड्यावर आली, खाडीसारखं निमखारं, तिथं थांबलो. आठ दिवसांत पांढरे ठिपके गेले, पोट उजळलं, हिरवा रंग असा चढला की काय सांगू. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातनं कुणावर तरी रंग चढला होता.

तरी खाईना. सेठजी पक्के शाकाहारी, "हमारी दुकान में जीवहत्या नी होगी," म्हणून माशालाही कणकेच्या गोळ्या आणि भिजवलेले पोहे. परत फोन. वहिनी म्हणाल्या, "शिंपल्या फोडून खाणारा प्राणी तो, मऊ खाऊन दात वाढले असतील. तोंड मिटतंय का बघा." बघितलं. मिटत नव्हतं. हसेल कुठून? आता दात कापायचे! मी रंगखात्यातला माणूस, मी कुणाचे दात कापू? जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. आधी पोटभर हसून घेतलं त्यांनी, "मैं भैंस देखता हूँ," मग म्हणाले, लौंग का तेल, एक बूँद पानी में घोल दो, सुस्त हो जाएगा, फिर नेलकटर.

भर दुकानात ऑपरेशन. मुनीमजी टॉर्च धरून, सेठजी भिंतीकडे तोंड करून नवकार मंत्र पुटपुटतायत, आणि मी वाडग्यात, पाण्याखालीच, ओल्या फडक्यात त्याला धरून... कट्. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. परत कट्. परत पेटीत सोडला तर आडवाच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी मनातल्या मनात शोभनाला काय सांगायचं ते जुळवत होतो. मग त्याचा एक डोळा फिरला, माझ्याकडे.

पुढचं तुमच्यात आणि माझ्यात ठेवा. इथनं जवळच, सांवेरला आपला एक ओळखीचा आहे, त्याच्या तळ्यातल्या बारक्या गोगलगायी मी जेवणाच्या डब्याच्या खालच्या पुडात आणायचो. सेठजी दुपारी जेवायला गेले की दोन आत. काय फोडायचा! बाहेर ऐकू यायचं.

आणि काल हसला. खरंच सांगतो, जिवणी मिटली, कोपरे वर गेले. सेठजींनी सगळ्या गल्लीला पोहे-जलेबी वाटली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमानं, "अच्युतजी, कमाल कर दिया आपने. अब तो ये चंगा है, अब आपको रोज़ काहे की तकलीफ? बीमार पड़ेगा तो बुला लेंगे." मी म्हटलं, अहो, ते मीठ... "हाँ हाँ, नमक मुनीमजी डाल देंगे." गोगलगायींचं तर बोलायचीच सोय नव्हती. म्हणजे परत कणीक, परत पोहे, महिन्याभरात परत तेच. मला वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं, स्वतःचं की त्याचं ते नाही सांगता येणार.

तीन वाजताच घरी पोचलो. शोभनानं फॉलवरनं मान वर केली.

"मासा कसा आहे?"

म्हटलं, बरा आहे.

"मग आज इतक्या लवकर कसे आलात?"

म्हटलं, बरा आहे म्हणूनच.