तपासणीनंतरचा चहा

(नव्या घराचं स्वयंपाकघर. ओट्यावर फरशी बसली आहे, भिंतीतले बोर्ड उघडे आहेत. एका बोर्डापाशी वायरमन. वायरिंग तपासायला आलेले साहेब आत बाथरूममध्ये. दारात वायरमनची आई, हातात थर्मास.)

वायरमन : आई, तू परत जा. खरंच जा. साहेब बाथरूममध्ये मीटर लावून बसलेत, इतक्यात बाहेर येतील.

आई : येऊ देत की. त्यांनाच भेटायला आलेय मी. तुझं तोंड तर रोजच बघते.

वायरमन : आणि हा थर्मास?

आई : चहा आहे. बॉम्ब नाही.

वायरमन : बॉम्ब परवडला असता. अगं, फेरतपासणी चालू आहे. ज्याचं काम तपासायचं त्याच्याकडचं साहेब पाणीसुद्धा पीत नाहीत. त्यांना वाटेल, मीच पाठवलं तुला. आणि आज पुन्हा नापास झालो ना, तर कंत्राटदार पुढच्या ओळीतली घरं दुसऱ्याला देणार. तोंडावर सांगितलंय त्यानं.

आई : मी कशाला तुझ्यासाठी शब्द टाकू? मला आभार मानायचेत. मानते आणि जाते.

वायरमन : उद्या मान.

आई : गेल्या बुधवारपासून तू उद्या-उद्याच करतोयस.

साहेब : कोण आहे तिकडे?

वायरमन : कुणी नाही साहेब. आई आहे.

आई : बघा. आई म्हणजे कुणी नाही.

साहेब : बाई, तपासणी चालू असताना बाहेरचं माणूस आत नको. बोर्ड उघडे आहेत.

आई : कशाला हात लावत नाही मी. दोन शब्द बोलते. तुम्ही मागच्या महिन्यात ह्याला नापास केलंत.

साहेब : केलं. गिझरच्या पॉइंटला अर्थिंगची वायर नुसती पिळून वर टेप मारली होती. स्क्रूखाली घेतलीच नव्हती. त्याबद्दल तक्रार असेल तर ऑफिसात अर्ज करा.

आई : तक्रार कसली? उपकार झाले, ते सांगायला आलेय.

साहेब : उपकार?

आई : त्या दिवशी हा घरी आला तो तणतणतच. जेवेना. तुम्हाला काय काय बोलला ते सांगत नाही.

वायरमन : आई...

आई : सांगत नाही म्हटलं ना. मी विचारलं, एवढं काय असतं रे ते अर्थिंग? तर मला दाखवायला म्हणून आमच्या कपडे धुण्याच्या मशीनचा बोर्ड उघडला ह्यानं. उघडला आणि तसाच हत्यारांची पिशवी आणायला धावला.

साहेब : का?

वायरमन : त्या पॉइंटला अर्थिंग नव्हतंच साहेब. हिरवी वायर मागे दुमडून ठेवलेली. घरचंच काम, नंतर करू म्हटलं होतं. ते राहिलं ते राहिलंच.

आई : लोकांच्या घरी उजेड करतो आणि आमच्याकडे दिव्याखाली अंधार.

वायरमन : त्याच संध्याकाळी जोडली. शिवाय करंट गळला की लाइन पाडतो, तो ब्रेकरही बसवला.

आई : मला वाटलं, रागाच्या भरात करतोय काहीतरी. मग गेल्या बुधवारी मशीन चालू असताना जागचं सरकायला लागलं, म्हणून मी ओल्या हातानं त्याला मागे लोटलं. खट्कन आवाज झाला आणि सगळं घर बंद. मला काही झालं नाही, हाताला मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. उलट मीच चिडले. कपडे अर्धे साबणात! फोन करून ह्याला चांगला फैलावर घेतला. म्हटलं, कसला भित्रा ब्रेकर आणलायस, जरा मशीन हललं की झोपतो.

साहेब : मशीन उघडून बघितलं का?

वायरमन : लगेच साहेब. आतली वायर घासून सोलली होती. मशीन हललं की फेज सरळ पत्र्याला टेकत होता.

साहेब : म्हणजे महिन्यापूर्वी हे झालं असतं तर...

आई : तर आज हा थर्मास कोण आणतं? साहेब, मला ह्यातलं काही कळत नाही. पण त्या दिवशी तुम्ही ‘चालतंय’ म्हणाला असतात, तर ह्यानं आमचा बोर्ड जन्मात उघडला नसता. तुम्ही मला ओळखत नव्हता, पाहिलंही नव्हतं, आणि मी तुमच्यामुळे जिवंत आहे. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. आता चहा घ्या.

साहेब : चहा नाही घेता येणार, मावशी. नोकरी लागल्यापासूनचा नियम आहे माझा. पण तुम्ही आलात, फार बरं वाटलं. मी पाठ वळवली की लोक माझ्या नावानं बोटं मोडतात, ते मला माहीत असतं. हे असं आजवर कुणी बोललं नव्हतं. चल रे, एवढं स्वयंपाकघर राहिलंय.

वायरमन : हा फ्रिजचा पॉइंट.

साहेब : ठीक.

वायरमन : हा ओव्हनचा.

साहेब : थांब. ही वायर जरा ओढ.

वायरमन : आली.

आई : काय आलं?

वायरमन : वायर हातात आली, आई. स्क्रू आवळलेलाच नाही.

आई : मग त्यानं काय होतं?

वायरमन : ढिल्या स्क्रूखाली वायर तापते. ओव्हन रोज चालला की हळूहळू बोर्डच जळतो. साहेब, मी असं सोडत नाही हो. बुधवारी मी ह्याच पॉइंटवर होतो आणि आईचा फोन आला. होतं ते हातातलं टाकून पळालो.

साहेब : तोच मशीनचा फोन?

वायरमन : तोच.

आई : म्हणजे माझ्यामुळे झालं हे.

साहेब : हे बघ, बाकीचं घर चांगलं केलंयस. मागच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगलं. स्क्रूड्रायव्हर आहे ना खिशात? मी जरा खिडकीतून बाहेर बघतो.

आई : बाहेर काय आहे साहेब, बघण्यासारखं?

साहेब : मावशी, तुमच्याकडे बघूनच...

आई : माझ्याकडे बघू नका. इथं जी राहायला येईल तिच्याकडे बघा. ती कोण, कुठली, आपल्याला ठाऊक नाही. मी तरी कुठं ठाऊक होते तुम्हाला? मागच्या वेळी असंच खिडकीबाहेर बघितलं असतंत तर?

वायरमन : आई बरोबर बोलतेय साहेब. नुसता हा आवळून भागायचं नाही. बुधवारी परत कामावर आलो तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. डोळ्यांपुढे सारखे आईचे ओले हात. कुठला बोर्ड पुरा केला, कुठला नाही, आता सांगता येत नाही. सगळे पुन्हा उघडून बघतो. तुम्ही नापास लिहा.

साहेब : आणि कंत्राटदार?

वायरमन : जाईल काम तर जाईल. दुसरं शोधेन.

आई : शोधशील. हात शाबूत आहेत तुझे. आणि आईही.

साहेब : बरं. लिहितो. ‘ओव्हनच्या पॉइंटचा स्क्रू ढिला. सर्व बोर्ड पुन्हा तपासण्यासाठी वायरमनने स्वतःहून मुदत मागितली.’ मी कुणाची शिफारस करत नाही. पण घडलं ते लिहायला मला कुणाची बंदी नाही. कंत्राटदाराला अक्कल असेल तर तो ते नीट वाचेल. सोमवारी परत येतो. सही कर.

वायरमन : केली.

साहेब : झालं. आजची तपासणी संपली. मावशी, थर्मास पिशवीत का घातलात?

आई : तुम्ही घेत नाही म्हणालात ना.

साहेब : पास करून चहा घेतला तर लोक नावं ठेवतील. नापास करून घेतला तर कोण काय म्हणणार?

आई : नापास करणाऱ्याला पाजणार तरी कोण?

साहेब : तेही खरंच. आजवर कुणी पाजला नाही.

वायरमन : साहेब, खुर्ची नाही इथं. ह्या रंगाच्या डब्यावर बसा, सुकलाय तो.

आई : घ्या. गरम आहे अजून.

साहेब : चांगला झालाय.

आई : आणखी देऊ?

साहेब : भरा कप. सोमवारी घेता येणार नाही.