गोळीबाराचं दृश्य

एरवी मी तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाही, पण हे ऐकलं तसंच आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या मोर्चावरचा सिनेमा लागला होता. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आपल्या वहिनीला घेऊन उभा होता.

“भाऊजी, सिनेमात तुम्ही कुठे दिसता ते आधीच सांगून ठेवा. माझी नजर अधू.”

“दिसत नाही, वहिनी. मला काढून टाकलं.”

“अगंबाई! गर्दीत उभं राहणंही जमलं नाही?”

“उभा राहिलो म्हणूनच काढलं. गोळीबार झाला की सगळ्यांनी पळायचं, असं ठरलेलं. सहा वेळा घेतलं ते दृश्य. सहाही वेळा मी आपला खांबासारखा.”

“पायात गोळे आले होते का?”

“नाही. खऱ्या मोर्चात दादा पडला, नेमकं तिथंच उभं केलं होतं मला.”

“त्या दिवशीही तिथंच होतात की. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन.”

“नव्हतो, वहिनी.”

रांग पुढे सरकली. ही दोघं तिथंच. मागून कुणीतरी खाकरलं.

“पहिल्याच गोळीला पळालो मी. दादानं हाक मारली, तरी पळालो. मांडीचं सगळं मी रचून सांगितलं तुम्हाला.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“त्याच संध्याकाळपासून. तुमचा सदरा मीच धुतला ना. नुसता घामाचा होता.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“दोघं गेले होते, एक परत आला. त्यालाही हाकलू? चला, सरका पुढे.”