आत्या गेटवर अडकली

हॅलो?… निधी? अगं कुठे आहेस तू? पाळणा सजलाय, घुगऱ्या कधीच्या शिजल्यात, आणि आत्याचाच पत्ता नाही.

काय?… गेटवर? आमच्याच गेटवर ना? मग ये की वर.

कोणी अडवलंय?… अच्छा, ती दादांची माणसं. अगं, ते सगळ्यांनाच विचारतात. परवा माझ्या भावालाही विचारलं. नाव सांगायचं, कोणाकडे जायचं ते सांगायचं, की सोडतात… सांगितलंस? वाघमारे सांगितलंस?… मग?

‘कुठल्या वाघमारे’ म्हणाला?

नाही गं, तसं काही नसतं त्यांच्या मनात. आणि बाजूला बसवलं म्हणजे काय, उन्हात नाही ना बसवलं? झालं तर मग.

हो, हो… अगं ऐक ना. तू लग्न होऊन नाशिकला गेलीस, तुला इथलं माहीत नाही. मुलुंडची ही आमची बिल्डिंग काय होती नि काय झाली. पाणी वेळेवर, जिने चकाचक, पार्किंगवरून एक भांडण नाही. अनिरुद्धदादांनी सगळं हातात घेतलं आणि मी तर बघतच राहिले. माणूस नुसता आवारात आला ना, तरी लोक हळू बोलायला लागतात. काय बाई दरारा.

कमिटीची निवडणूक? ती बंदच केली. कशाला पाहिजे? नुसता कलकलाट व्हायचा. दादांनी विचारलं, कोणाची हरकत आहे का. कोणाचीच नव्हती… माझी कशाला असेल?

कोण, शेखबाई? तिसऱ्या मजल्यावरच्या? गेल्या त्या… काढलं कुठे गं, समजावलं. रोज संध्याकाळी चारजण जाऊन समजवायचे. माझे सगळे ब्लाऊज त्याच शिवायच्या, आता साडीला फॉल कोणाकडून लावून घ्यायचा तेच कळत नाही.

मी काय बोलणार होते? मी कधी राजकारणात पडते का?… हो, लिफ्टमध्ये बोलतात लोक. ह्यांना सरळ केलं पाहिजे, त्यांना हाकललं पाहिजे. गमतीत गं. पहिल्यांदा मलाही कसंतरी झालं होतं. मग हसायला लागले सगळ्यांबरोबर. आता काहीच वाटत नाही.

मासे? घरात नाही करत हल्ली. वासाची तक्रार जाते ना दादांकडे. फारच आठवण आली तर घाटकोपरला भावाकडे, नंदूकडे जाऊन खाऊन येते… हो, मी. मालवणची परबीण. हसतेस काय?

हसत नाहीयेस?… आवाज का असा येतोय तुझा?

निधी, बाळा, असं नको बोलूस. परकी कशी असशील तू? कांजूरला भिंतीला भिंत लागून राहिलो आपण. प्रीतमच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा तुझ्याच आईने रिक्षा आणली. त्याला सख्खी बहीण नाही, पण तुझ्या राखीशिवाय त्याचा हात कधी राहिलाय? नावही तूच निवडलंस. प्रांजल. अजून कोणाला सांगितलेलं नाही आम्ही. तू कानात कुर्र करणार, आम्ही तुझ्या पाठीत धपाटे घालणार, मगच सांगायचं, ठरलंय ना आपलं?

मी खाली येऊ? आत्ता?… अगं दादा बसलेत इथे. आपल्या घरी, पहिल्या खुर्चीत. एवढा मोठा माणूस बारशाला आला, मला तर अजून खरं वाटत नाही. ते आत आले तशी सगळी खोली उभी राहिली. मीसुद्धा, हातात घुगऱ्यांचं पातेलं तसंच धरून. आता त्यांच्यासमोरून उठून गेटवर भांडायला जाऊ?

प्रीतम त्यांच्या शेजारी बसलाय. त्याला कसं उठवू?

काय विचारतोय तो आता? फोनच्या कव्हरवर कोणाचा फोटो?… मग तो बाबासाहेबांचा फोटो जरा आतल्या बाजूला धर ना. एवढंच तर आहे… अगं, लपव नाही म्हणत मी. पाच मिनिटांचा प्रश्न आहे.

बरं, बरं. रडू नकोस. मी दादांनाच सांगते. फोन ठेवू नकोस हं.

दादा… माफ करा हं. खाली आमची पाहुणी थांबलीय… नाही, नाही, घरचीच. बाळाची आत्या… हो, प्रीतमची मानलेली बहीण. निधी.

आडनाव?

…देशमुख, दादा. निधी देशमुख… गेटवर ना? माहेरचं सांगून बसली वेडी. सासरचं देशमुख… हो, आपल्यातलेच.

निधी, ऐकलंस? झालं बघ काम. दादांनी खाली फोनही लावला. एका शब्दात. मी म्हटलं नव्हतं तुला? आता वर आलीस की कोणी विचारलं तर देशमुखच सांग, आजच्या दिवस. तुला काय फरक पडतो? आतून तर तू तीच ना?

हॅलो?

निधी?… गेट उघडलं का त्यांनी? सोडलं ना?

काय म्हणालीस?… नाही, कुठे चाललीस? रिक्षा कशाला? अगं थांब, निधी, बाळ जागं झालंय, सगळे माझ्याकडे बघतायत…

हॅलो?… हॅलो?

काही नाही, दादा. लाइन कट झाली… हो, मुहूर्त टळतोय खरा…

तुम्ही? तुम्ही सांगणार बाळाच्या कानात?

…हो, दादा. चालेल ना. कोणाची हरकत असणार?