इंजिन गेलं

गॅरेजच्या बाकावर मांडीतल्या लेकीला थोपटत ती आपली स्कूटर मिळायची वाट बघत होती. समोर एका जुन्या मोटारीपाशी एक तरुण मिस्त्रींना हळूच सांगत होता, पण तिला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"बाबा आले की इंजिन गेलं म्हणून सांगा."

"अहो, नुसती क्लच प्लेट गेलीय. दोन तासांचं काम."

"तसं सांगितलंत तर अजून दहा वर्षं सोडणार नाहीत ते हा खटारा. ऑफिसात हसतात मला."

तेवढ्यात त्याचे वडील आले आणि त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला.

"काय म्हणतेय आमची म्हातारी?"

"काका, इंजिन गेलं. आता नवीच बघा."

"गेलं? मग माझ्यामुळेच गेलं. अरे, तुला बोललो नाही मी. परवा घाटातून दामटली तिला."

"घाटात कशाला नेलीत, बाबा?"

"तुझी फाइल घरी राहिली होती ना. मीटिंगच्या आधी पोचायला हवी होती."

"ती तुम्ही आणलीत? कुणी पाहिलं तुम्हाला?"

"छे रे. गाडी लांब लावली आणि गेटवर वॉचमनकडे दिली. साहेबांचा ड्रायव्हर आहे म्हणालो. तुला उगाच कमीपणा नको."

मिस्त्री पान्हा पुसत राहिले. तिने लेकीला जवळ ओढलं.

"बाबा, इंजिन गेलेलं नाहीये."

"राहू दे रे. चूक माझीच आहे, उगाच समजूत काढू नकोस माझी."