नवसाच्या फिती

मंदार हे लिहिणारच नव्हता. त्या सकाळची आठवणही त्याला अजून नको वाटते. पहिली एसटी चुकल्यानं तो उशिरा पोचून डोंगराच्या पायथ्याला विंझरच्या थांब्यावर बसला होता. त्याचा मित्र सौमित्र वाट न बघता एकटाच डोंगर चढायला गेला होता. शेजारच्या बाकावर ठकुबाई आणि तिचा लेक हनुमंत बोलत होते.

“आये, वाटंवरच्या तांबड्या फिती कुठं गेल्या गं?”

“म्या सोडल्या की.”

“का पन?”

“आरं, देवीच्या नवसाच्या त्या. कुनी घाणेरीच्या झुडपाला बांदतं व्हय? समद्या गोळा केल्या आन् देवीच्या उंबराला बांदल्या.”

“नवसाच्या न्हाईत त्या! डोंगर चढनाऱ्या पोरांना वाट कळावी म्हनून बांदल्यात.”

“मंग देवीला पावल्या. बिघडलं काय?”

“उंबर कुठं हाय, आये?”

“कड्यावर.”

“फिती बघत पोरगं चाललं तर जाईल कुठं?”

“आगं बाई! सकाळीच एक गेलं की रं. पिवळी टोपी, पाठीवर ही मोठी पिशवी. मला आज्जी म्हनलं.”

“आन् वर धुकं हाय!”

पिवळी टोपी सौमित्रची. मंदारनं फोन लावला.

“सौम्या, कुठं आहेस?”

“वाट सापडली रे! धुक्यात पुढं लाल फितीच फिती दिसतायत.”

“थांब! एक पाऊल टाकू नकोस. तिथंच खाली बस.”

“का? काय झालं?”

“पुढं कडा आहे. मी इथल्या दादांना घेऊन वर येतोय. कितीही वेळ लागू दे, तुला घेतल्याशिवाय खाली उतरणार नाही.”