रुखवतातला साहेब

(अमरावती. घरातल्याच पुढच्या दोन खोल्यांत दामिनीचा लग्नाची रुखवतं करायचा छोटा कारखाना. मार्गशीर्षातला गुरुवार, दुपार. दामिनी पाटावर बसून कणकेच्या बाहुल्या घडवते आहे. पलीकडच्या खोलीत कामाला येणाऱ्या शकुनताई शेवया करताहेत, जवळ त्यांचं लेकरू झोपलेलं. सासू मैनाबाई पूजा आटोपून दारात उभ्या.)

मैनाबाई : अन् ह्या बुवाच्या डोक्यावर केस काहून नाही लावले वो?

दामिनी : कारण त्याला नाहीतच, आई. टकलाला तूप चोळलंय. चमकतंय की नाही, पाहा.

मैनाबाई : चमकते तं. पन रुखवतात सप्तपदी असते, तुळशीवृंदावन असते, बैलगाडी असते. खुर्चीत बसून बोट दाखवनारा टकला मी आजलोक पाह्यला नाही.

दामिनी : अकोल्याची वराकडची मंडळी परवा लग्नात पाहतील.

मैनाबाई : हाये कोन हा?

दामिनी : मनोज सर. पुण्यातले माझे साहेब.

मैनाबाई : ज्याच्यापायी तू नोकरी सोडून इकडं आली, तो?

दामिनी : तोच. नवरीचा बाप आहे तो. ऑर्डर नवरीच्या आईनं फोनवर दिली, सीमाताई म्हणून. मला काय ठाऊक? काल नावाची पाटी करायला बसले, म्हणून नवरीच्या वडिलांचं नाव विचारलं. पाटी बाजूला ठेवली आणि ह्याला घडवायला घेतलं.

मैनाबाई : माय! अन् त्याच्या समोर हे काय मांडलं?

दामिनी : चौकोनी पापडाचं टेबल. खोबऱ्याच्या दोन चकत्यांचा लॅपटॉप. ही उभी आहे ती मी. आणि हा शेवयांचा पाळणा. त्यात पापडाच्या लाटीत गुंडाळलेला बदाम.

मैनाबाई : आपला बंडू?

दामिनी : बंडूच. रांगतही नव्हता अजून. तापानं फणफणला होता, म्हणून मी घरून काम करत होते. मीटिंगमध्ये रडला. सगळ्या ऑफिससमोर सर म्हणाले, 'दामिनीबाई, आधी तुमचं पाळणाघर बंद करा, मग कॅमेरा चालू करा.' सगळे हसले. आणि मी माफी मागितली, आई! माझं लेकरू आजारी पडलं, म्हणून मी माफी मागितली. मला त्याचीच जास्त चीड आहे. ...शकुनताई, तुमचा पोट्टा उठला वाटते! शेवया राहू द्या, आधी त्याले घ्या!

मैनाबाई : हे पाह्य. तुह्या इथं लेकरू रडलं तं काम थांबते. बाया पोट्टे कडेवर घेऊन येतात, शाळा सुटाच्या टायमाले घरी जातात. देवीनं देल्लं तुले. आता कायले त्या मानसाले मनात धरून बसली?

दामिनी : देवीनं दिलं. त्यानं नेलं ते कुठं परत दिलं?

मैनाबाई : गुरुवारचं कोनाचं वाईट चिंतू नाही.

दामिनी : चिंतत कुठं आहे? कणीक मळून राहिले.

मैनाबाई : जीभ लय चालते तुही. अन् त्या पोरीनं काय केलं तुह्यं? रुखवत तिचं राह्यते. वराकडच्या बाया एकेक वस्तू पाहत सरकतात, हे काय, ते काय, इचारतात. नवरीकडच्याइले जबाब द्या लागते. अकोल्यात बोंब होईन, अमरावतीच्या बाईनं नवरीचं नाक कापलं म्हून. मंग कोन देईन तुले काम? ही शकुन कुठं जाईन पोट्टं घेऊन?

दामिनी : त्याचा विचार केला मी.

मैनाबाई : अन्?

दामिनी : आणि सकाळी उठून त्याला टाय लावला. लाल मिरचीचा.

मैनाबाई : बाप्पा बाप्पा! ...कोन आलं पाह्य. गाडी थांबली.

प्रणाली : नमस्कार. दामिनी रुखवतवाल्या इथंच ना? मी प्रणाली. अकोल्याची परवाची ऑर्डर आहे ना, ती माझी. आई म्हणाली, एकदा बघून ये.

मैनाबाई : परवा लगन अन् नवरी एकटी फिरते?

प्रणाली : चुलतभाऊ आहे ना गाडीत. फोनवर बोलतोय.

मैनाबाई : ये बाई, बस. दामिनी, त्याच्यावर फडकं टाक.

प्रणाली : थांबा, थांबा, झाकू नका! अहो, हे तर बाबा! सेम टु सेम! चष्मासुद्धा तसाच नाकावर घसरलेला. तुम्हाला कुणी सांगितलं बाबा असे दिसतात?

दामिनी : मी त्यांच्या हाताखाली काम केलंय. पुण्यात.

प्रणाली : दामिनी... म्हणजे तुम्ही त्या?

दामिनी : त्या म्हणजे?

प्रणाली : पाळणाघरवाल्या. सॉरी, घरी पाहुणे आले की बाबा तो किस्सा सांगतात. बाळाच्या रडण्याचा आवाजसुद्धा काढून दाखवतात.

मैनाबाई : आवाज काढून दाखवते? माह्या नातवाचा?

प्रणाली : हो, आजी.

मैनाबाई : दामिनी, ठेव ते फडकं बाजूले.

दामिनी : आई, आत्ता तर तुम्ही...

मैनाबाई : मी उपाशी हाये. मले बोलाले लावू नोको.

दामिनी : प्रणाली, खरं सांगते. हे मी तुझ्यासाठी नाही केलं. भर मांडवात तुझ्या बाबांची मान खाली गेलेली पाहायची होती मला. पण रुखवत तुझं आहे. तू नको म्हण, आत्ता मोडते. तुळशीवृंदावन तयार आहे आत.

प्रणाली : मी नको म्हटलं तर तुमचा राग जाईल?

दामिनी : नाही.

प्रणाली : मीही नोकरी करते. आवडते मला. साक्षगंधाच्या दिवशी बाबांनी सासरच्यांना शब्द दिला, लग्नानंतर मुलगी नोकरी सोडेल, घर सांभाळेल. मी शेजारीच बसले होते. मला विचारलंसुद्धा नाही. हसत हसत सांगून टाकलं, त्यांच्या त्या मीटिंगवाल्या आवाजात.

मैनाबाई : अन् नवरदेव?

प्रणाली : अमोल? तो पेढा खात होता.

दामिनी : मग?

प्रणाली : मग हे मधोमध ठेवा. भांड्यांच्या मागं नको. बायका विचारतील हे काय, तर जबाब मी देईन.

दामिनी : आणि सासरचे उठून गेले तर?

प्रणाली : तर मांडवातच कळेल. नंतर कळण्यापेक्षा बरं. फक्त एक करा. ह्या उभ्या बाईला मुंडावळ्या बांधा.

दामिनी : ती मी आहे, प्रणाली.

प्रणाली : माहीत आहे.

दामिनी : इतकी वर्षं मनातल्या मनात घडवत आले तिला. मुंडावळ्या बांधल्या की ती तू होशील. सगळे तुझंच बोलतील. माझं राहूनच जाईल.

प्रणाली : बाबांना कळेल ना ती कोण. बाकीच्यांना मी कळले पाहिजे.

मैनाबाई : दामिनी, बांधाच्या काय मंग मुंडावळ्या?

दामिनी : बांधा. पण पाळणा तिथून काढायचा नाही.

प्रणाली : नाही. तो तर राहू द्याच.

मैनाबाई : आन ते शेवयाचं ताट इकडं, मुंडावळ्याइले.

प्रणाली : आजी, तुम्ही बांधता? तुमचा उपास ना आज?

मैनाबाई : गुरुवारी दारात आलेल्या पोरीले आमी रिकाम्या हातानं धाडत नाही.

दामिनी : जाड नका घेऊ, आई. बारीक घ्या. तोंड दिसलं पाहिजे तिचं.